आधी उचलून बघा, मग घ्या

पत्र असं आहे: "माझं वय ६४. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो, राहायला साताऱ्यात. १९९३ ची बुलेट आहे, अजून पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. ती मी विकणार नाही. पण नोकरीत ज्या पाझर तलावांवर आणि कालव्यांवर जीपने फिरलो, ते सगळे आता एकदा सावकाश बघून यायचे आहेत. तिथले रस्ते मुरमाचे, काही ठिकाणी नुसती बैलगाडीची चाकोरी. बुलेट खालून घासते. म्हणून जोडीला कच्च्या रस्त्याची एक गाडी घ्यावी म्हणतो. मुलगा बंगळुरूला असतो, तो हिमालयन ४५० घेऊन देतो म्हणतोय. पुतण्या म्हणतो केटीएमची एन्ड्युरो घ्या. माझी उंची पाच फूट पाच इंच, वजन ६८ किलो, डावा गुडघा जिना उतरताना दुखतो. सौ. म्हणते, या वयात हे काय नवीन काढलंत. तुम्ही काय सांगाल? — बुलेटवाला, सातारा."

बुलेटवाले, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी आणि दुसऱ्यांदा त्या पाझर तलावांसाठी. स्वतः मोजमापं घेतलेला भराव तीस वर्षांनी बघायला जायचं, याहून चांगलं कारण गाडी घ्यायला मला तरी सुचत नाही. तेव्हा घ्या. मात्र मुलगा सांगतोय ती नको आणि पुतण्या सांगतोय तीही नको.

मी ६८ चा आहे. एकसष्टीच्या वर्षी मीही हौसेने दोनशे किलोच्या वरची एक गाडी घेतली होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावल्या होत्या. सप्टेंबरात मढे घाट बघायला म्हणून वेल्ह्याहून निघालो. केळदच्या अलीकडे एका वळणावर समोरून गुरं आली म्हणून थांबलो. डावा पाय टेकवायला गेलो तर खाली जमीनच नाही. गवताने झाकलेली चर होती. वेग शून्य, इंजिन चालू, आणि गाडी अगदी सावकाश डावीकडे झुकली. थोडी झुकलेली गाडी हाताने सावरता येते, पण एका मर्यादेपलीकडे ती सावरत नाही, आणि ती मर्यादा ओलांडली की ओलांडलीच. पेटी आणि दगड यांच्यात माझा घोटा अडकला. पेट्रोलचा वास यायला लागला. मोबाइल टाकीवरच्या पिशवीत होता, हात पुरत नव्हता. ओरडून ओरडून घसा बसला. चाळीस मिनिटांनी गुरांमागची मुलगी परत आली. आम्हा दोघांना गाडी हलेना, म्हणून तिने शेतातून दोन माणसं आणली. त्यांनी वासा घालून गाडी उचलली. घोट्याला बारीक फ्रॅक्चर होतं, सहा आठवडे प्लास्टर.

हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्या दिवशी माझं चालवणं कुठेच चुकलं नव्हतं. चुकलं ते थांबण्यात, पाय टेकवण्यात आणि उचलण्यात. आपल्या वयाचा माणूस कच्च्या रस्त्यावर वेगात क्वचित पडतो, कारण वेगात जायची हौस आता उरलेली नसते. तो पडतो ते थांबताना, वळवताना, उतरताना. म्हणून गाडी निवडताना ती किती पळते हे बघूच नका. थांबलेली गाडी तुम्हाला पेलते का, आणि आडवी झालेली गाडी तुम्हाला एकट्याला उभी करता येते का, एवढं बघा. बाकी सगळं त्यानंतर.

आता तुमच्यापुढे आलेल्या गाड्या बघू.

रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० उत्तम गाडी आहे, यात वाद नाही. ४५२ सीसीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन, ४० पीएस ताकद, १७ लिटरची टाकी. साताऱ्याहून लेह गाठायचं असतं तर मीच तिचं नाव सांगितलं असतं. पण भरल्या टाकीसह ती १९६ किलोच्या घरात जाते. लांबचा डांबरी पल्ला मारायला तुमच्याकडे बुलेट आहेच. जोडीला घ्यायची गाडी पहिलीला जमत नाही तेच काम करणारी हवी. दोन्ही गाड्या महामार्गावर छान आणि चाकोरीत अडखळणाऱ्या असतील तर दुसरीचे पैसे वाया गेले. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, तर ३५० पर्यंतच्या गाड्यांचा २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. मुलाला हे जरूर सांगा, त्याचे बरेच पैसे वाचतील. त्यातले थोडे कुठे घालायचे तेही पुढे सांगतो.

केटीएमची ३९० एन्ड्युरो आर तिशीतल्या, उंच, रोज व्यायाम करणाऱ्या माणसाची गाडी आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या गाडीचं सीट कमीत कमी ८६० मिलिमीटर आहे. वजन १७७ किलो आणि टाकी नऊच लिटरची. पुतण्याला हवी असेल तर त्याने घ्यावी. कुणीतरी तुम्हाला कावासाकीची केएलएक्स २३० सुद्धा सुचवेल. तिचं १३९ किलो वजन ऐकून माझंही मन हललं होतं. पण सीट ८८० च्या आसपास आहे. पाच फूट पाच इंचाच्या माणसाला ती थांबवताना दर वेळी कसरत करावी लागेल, आणि दुखरा गुडघा अशी कसरत चार वेळा सहन करतो, पाचव्या वेळी नाही. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आरामशीर आहे, पण पुढचं चाक १९ इंची आणि अलॉयचं. तिचा कल मुळात डांबराकडे.

मग राहते हीरोची एक्सपल्स. माझं मत तिलाच.

एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये आली आणि तिचं चार व्हॉल्व्हचं इंजिन २०२१ मध्ये. चार व्हॉल्व्हवाली, म्हणजे फोर-व्ही, १६० किलोच्या आत आहे. सीट ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून अंतर २२० मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. मोठं चाक दगडावर आपटत नाही, त्यावरून चढून जातं. त्यामुळे हँडलला बसणारे झटके कमी होतात आणि मनगटं दुखत नाहीत. ताकद १९ पीएसच्या आसपास. तुमच्या कामाला ती पुरून उरेल, कारण मुरमाच्या चढावर तुम्ही दुसऱ्या गिअरमध्येच असणार. जानेवारी २०२५ मध्ये तिची थोरली बहीण आली, एक्सपल्स २१०. पाण्याने थंड होणारं इंजिन, साडेचोवीस पीएस, सहा गिअर, सस्पेन्शन जास्त लांबीचं. सीट ८३० आणि वजन १७० किलोपर्यंत.

या दोघींतली कोणती? साताऱ्याहून पाटण, माणपर्यंत डांबरानेच जाऊन पुढे कच्च्याला लागणार असाल तर २१०, कारण डांबरावर ती दमत नाही. तलाव घरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आतले असतील तर दोन-तीन वर्षं वापरलेली २०० फोर-व्ही घ्या. पैसे वाचतील, शिवाय गाडी पहिल्यांदा आडवी होईल तेव्हा जीव हळहळणार नाही. ती आडवी होणारच, सगळ्यांचीच होते. वापरलेली घेताना दोन गोष्टी मुद्दाम विचारा. ती 'प्रो' नावाची उंच आवृत्ती आहे का, आणि तिला रॅली किट, म्हणजे शर्यतीसाठीचं लांब सस्पेन्शन, बसवलंय का. प्रोचं सीट ८९१ मिलिमीटर आहे आणि रॅली किटनेही गाडी बरीच उंच होते. दिसायला सारख्याच दिसतात, पण तुमच्या पायाला फरक लगेच कळेल. बाकी तपासणी नेहमीचीच. हँडल वाकलंय का, पुढच्या फोर्कच्या सीलमधून तेल झिरपतंय का, स्पोक सगळे सारखे ताणलेले आहेत का, आणि इंजिनखालच्या पत्र्यावर पोचे किती. पोच्यांवरून आधीच्या मालकाने गाडी कशी दामटली ते समजतं.

सीटच्या उंचीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे बरीच माणसं आकडा वाचूनच माघारी फिरतात. ८२५ म्हणजे साडेबत्तीस इंच. तुमचा पाय आतल्या बाजूने साधारण एकोणतीस-तीस इंच असेल. कागदावर जमत नाही. पण तुम्ही बसलात की सस्पेन्शन दीड-दोन इंच खाली बसतं आणि बुटाचा तळवा एक इंच देतो. शिवाय सीट पुढे अरुंद आहे, त्यामुळे मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली जातो. म्हणून शोरूममध्ये चपला घालून जाऊ नका, ज्या बुटांनी गाडी चालवणार तेच घालून जा. दोन्ही टाचा टेकायची गरज नाही. थोडं एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकला आणि दुसऱ्याचा चवडा लागला की पुरे. तेवढंही होत नसेल तर लगेच सस्पेन्शन खाली करायच्या मागे लागू नका. त्याने गाडी पुन्हा खालून घासायला लागेल, आणि घासते म्हणून तर तुम्ही दुसरी घेताय. आधी कुशनवाल्याकडून सीटच्या कडांचा फोम तासून घ्या. मधला तसाच राहू द्या. कडा तासल्या की पायाला जागा मिळते आणि बूडही दुखत नाही.

आता डावा गुडघा. गाडीवर चढतो ते डावीकडून. म्हणजे उजवा पाय वरून टाकेपर्यंत अख्खं अंग डाव्या पायावर असतं, उतरताना पुन्हा तेच. त्यात आपण रस्त्याच्या डाव्या कडेने जातो आणि रस्ता कडेला उतरता असतो. त्यामुळे थांबलं की डाव्या पायाला नेहमी थोडं जास्त खाली जावं लागतं. माझा पाय गेला तोही डावाच. म्हणून थांबायची जागा दहा पावलं आधीच हेरायची सवय लावून घ्या. शक्यतो चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर थांबा आणि उजवा पाय टेकवा. मागच्या कॅरियरला उंच सामान बांधू नका, नाहीतर उजवा पाय त्याच्यावरून न्यावा लागेल आणि तेवढा वेळ सगळा भार डाव्या गुडघ्यावर राहील. सामान पाठीच्या छोट्या पिशवीत ठेवा, नाहीतर सीटच्या दोन्ही अंगांना कापडी झोळ्यांत. पत्र्याच्या पेट्या नकोत. कापडात पाय अडकला तर निघतो.

खड्ड्यात फूटरेस्टवर उभं राहून चालवायचं असतं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. खरंही आहे. पण गुडघा किंचित वाकवून, टाकीला मांड्यांनी धरून उभं राहायचं, आणि तेही खराब पट्ट्यापुरतंच. हँडल खाली वाटत असेल तर ते उंच करणारे इंच-दीड इंचाचे ठोकळे, म्हणजे राइझर, मिळतात. ते लावले की कमरेत वाकावं लागत नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवाल तेव्हा नुसतं "गाडी चालवू का" असं विचारू नका. "एका पायावर शंभरेक किलोचा झोका आला तर चालेल का," असं विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, कारण मग साध्या मुक्या माराचाही हिशोब बदलतो.

यापुढचा मुद्दा तुम्हाला शोरूममध्ये कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तुमच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आहे आणि ब्रेक डाव्या. एक वर, तीन खाली, आणि टाचेने न्यूट्रल. नव्या गाडीचा गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. शांत डोक्याने चालवताना दोन दिवसांत सवय होते. पण अचानक कुत्रं आडवं आलं तर डोकं विचार करत बसत नाही, पाय तीस वर्षं करत आला तेच करतो. नव्या गाडीवर डावा पाय ब्रेक समजून गिअरवर पडेल, आणि ज्या क्षणी थांबायला हवं त्या क्षणी गाडी वेगळ्याच गिअरमध्ये जाईल. पुन्हा बुलेटवर आलात की याच्या उलट.

यावर उपाय आहे, पण थोडा नेटाने करावा लागतो. नवी गाडी आली की तीन महिने बुलेटला हात लावू नका. आठवड्यातून एकदा जागेवर सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवा, बस. तीन महिन्यांनी दोन्ही चालवा, पण एका दिवशी एकच. सकाळी भाजीला बुलेट आणि दुपारी कालव्यावर एक्सपल्स, असं अजिबात नको. आणि पायाच्या ब्रेकवरची भिस्त कमी करा. हाताचा ब्रेक दोन्ही गाड्यांत उजव्या हातालाच आहे. बुलेटच्या पुढच्या ड्रम ब्रेकला चार बोटांनी पिळावं लागतं. पिळलं तरी तो विचार करून मग थांबतो. एक्सपल्सला डिस्क आहे. तिथे चार बोटं आवळलीत तर मुरमावर पुढचं चाक त्याच क्षणी सरकेल. दोन बोटं ठेवा आणि हळूहळू दाबा. मोकळ्या मैदानात तासभर एवढंच करा. वेग वीस, दोन बोटं, थांबा, पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा, रस्त्याप्रमाणे बदलायची सोय या गाड्यांच्या नव्या आवृत्त्यांत असते, ती समजून घ्या. सुट्या खडीच्या उतारावर एबीएस पूर्ण चालू असलं की गाडी थांबता थांबत नाही, कारण चाक जरा अडकलं की ते लगेच सोडतं. कच्च्यावर ते ऑफ-रोडला टाका आणि डांबर लागलं की परत रोडवर. बहुतेक गाड्यांत चावी बंद करून चालू केली की ते मूळ जागी येतं, म्हणून चहाला थांबून पुन्हा निघताना एकदा मीटरकडे नजर टाका.

एक्सपल्सच्या स्पोकच्या चाकात ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर झालं की चाक काढावंच लागतं. चाक काढणं, ट्यूब बदलणं एकदा आपल्या नेहमीच्या पंक्चरवाल्याजवळ बसून स्वतःच्या हाताने करा. २१ इंची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळेलच असं नाही, म्हणून एक जवळ ठेवा. सोबत बॅटरीवर चालणारा छोटा पंप. मुरमावर उतरताना हवा चार-पाच पीएसआयने कमी केली की टायर जमीन धरतो, आणि परत डांबरावर आलात की त्याच पंपाने भरता येते.

आता मुलाचे वाचलेले पैसे. तो बंगळुरूला आहे म्हणता, तर एक सुचवतो. सी. एस. संतोष हे डकार रॅली, म्हणजे कच्च्या वाटांवरची अतिशय खडतर शर्यत, पूर्ण करणारे पहिले भारतीय, वर्ष २०१५. त्यांनी बंगळुरूजवळ बिगरॉक डर्टपार्क नावाची ऑफ-रोड शिकवणारी शाळा सुरू केली. मुलाकडे जाणं होईलच, तेव्हा तिथे किंवा तशाच एखाद्या ठिकाणी दोन दिवस शिका. शिकायचं वय गेलं असं मनात आणू नका. चाळीस वर्षं डांबरावर चालवून जी गोष्ट अंगात येत नाही ती तिथे पहिल्या तासात कळते: मऊ जमिनीत पुढचं चाक थोडं इकडेतिकडे होणारच, आणि त्याला तसं होऊ द्यायचं. आपण हँडल आवळून धरतो आणि तिथेच पडतो. मुलाला सांगा, गाडीतला फरक इथे घाल. शिकायला तोही सोबत आला तर आणखी उत्तम.

उरलेल्यातून घोट्याच्या वर येणारे कडक बूट, गुडघ्याच्या वाट्या, कोपर-खांद्याला पॅड असलेलं जॅकेट, आणि आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. आधी बूट, मग बाकीचं. त्या दिवशी माझ्या पायात साधे चामडी बूट होते. आणि एक शिट्टी. दहा-वीस रुपयांची, गळ्यात दोरीने अडकवलेली. चाळीस मिनिटं ओरडल्यावर मला तिची किंमत कळली. मोबाइलही अंगावर, छातीच्या खिशात. गाडीवर नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, आणि त्याला डॉक्टरांच्या सहीचा नमुना १-अ लागतो. तुमचं कधी संपतंय ते आजच बघा. गाडी दारात येऊन लायसन्स संपलेलं असेल तर विमाही कामाला येणार नाही.

वहिनींचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. "या वयात हे काय" यात रागापेक्षा काळजी जास्त आहे, आणि ती काळजी रास्त आहे. तिला तोंडी उत्तर देऊ नका, व्यवस्था करून दाखवा. माझ्या घरी जे ठरलंय ते सांगतो. निघायच्या आदल्या रात्री कागदावर गावांची नावं क्रमाने लिहून फ्रिजवर लावतो. परतायची वेळ लिहितो आणि त्यात एक तास वाढवतो. तो तास उलटला की बायकोने कुणाला फोन करायचा ते नावही खाली. सूर्य मावळायच्या आत डांबराला लागायचं, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही संधिप्रकाशात खड्डा आणि सावली मला सारखेच दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कच्च्यावर नाही. आपल्याकडचा जांभा ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं आणि तिथे कुठलाच टायर टिकत नाही. दसऱ्यानंतर मुरूम बसतो, तेव्हा सुरुवात. हे सगळं तीन महिने नीट पाळलंत तर वहिनी स्वतःच डबा भरून देतील. माझ्या घरी तसंच झालं.

सोबतीचं म्हणाल तर तुमच्याइतकं नशीबवान कुणी नाही. प्रत्येक तलावाजवळच्या गावात तुमचा एखादा जुना चौकीदार, मोजणीदार, कालवा निरीक्षक असणारच. आदल्या दिवशी त्याला फोन करा. रस्ता कसा आहे, ओढ्याला पाणी किती, हे त्याच्याइतकं कोणत्याही नकाशाला माहीत नसतं. आणि "साहेब अकरापर्यंत येतो म्हणाले होते, अजून आले नाहीत" असं म्हणून बघायला निघणारा माणूस पलीकडच्या टोकाला असला की निम्मी काळजी मिटते. कोयनेच्या पाण्याकडे, बामणोली-तापोळ्याच्या बाजूला गेलात तर दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, तिथे एकटे जाऊ नका. आणि त्या अंगाचं जंगल २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. वनखात्याचं फाटक दिसलं तर रस्ता कितीही ओळखीचा असला तरी परवानगीशिवाय आत नाही.

पोचल्यावर भरावावर गाडी घालू नका. मातीच्या भरावाला चाकांनी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मी वेगळ्या कारणाने म्हणतो. माथ्यावर गाडी वळवायला जागा नसते, दोन्हीकडे उतार असतो, आणि पाय टेकवायला गेलात की पुन्हा खाली जमीन नाही. सांडव्याच्या अलीकडे सपाटीवर गाडी लावा आणि भराव चालत बघा.

वहिनींना मागे बसवून कुठे जायचं असेल तर बुलेट काढा. एक्सपल्सवर दोघांनी बसता येतं, पण उंच सीटवर मागे चढणं त्यांना त्रासाचं होईल. दोघांच्या वजनाने तुमचं पाय टेकवण्याचं गणितही बिघडेल.

आता घ्यायच्या आधीची एकच परीक्षा. शोरूमची नवी गाडी कुणी आडवी करू देणार नाही. ओळखीच्यात, नाहीतर साताऱ्यातल्या पोरांमध्ये कुणाकडे एक्सपल्स नक्की असेल. त्याला चहा पाजा आणि मैदानात गवतावर गाडी त्याच्या मदतीने हळूच आडवी ठेवा. आधी बटणाने इंजिन बंद आहे ना बघा. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावीकडचा स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा आणि गिअर टाका, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही. डावीकडे पडली असेल तर गिअर टाका आणि उचलल्यावर तोल धरून स्टँड लावा. हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा. मग गाडीकडे पाठ करून सीटला बूड टेकवा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरियरच्या दांडीला. कंबर सरळ. हातांनी ओढायचं नाही, पायांनी मागे रेटत एकेक पाऊल सरकायचं. उतारावर असाल तर आधी गाडी फिरवून चाकं खालच्या अंगाला आणा.

डाव्या गुडघ्याने तक्रार न करता ती उभी राहिली तर दहा मिनिटं बसा, पाणी प्या आणि पुन्हा एकदा करा, कारण कच्च्या रस्त्यावर एकदा पडलेली गाडी त्याच दिवशी पुन्हा पडते. दुसऱ्यांदाही उभी राहिली तर २०० असो वा २१०, बिनधास्त घ्या. नाही राहिली, तर वाईट वाटून घेऊ नका. दोन महिने फिजिओथेरपिस्टकडून मांड्यांचा व्यायाम शिकून करा आणि त्याच मुलाकडे परत जा. तलाव इतकी वर्षं तिथेच आहेत.

पहिल्या तलावाचं नाव मला कळवा, आणि सांडव्याचा एक फोटो.